वायरीला पाणी

ईसीजीचं मशीन धामणगाव बढ्यात आलं, त्या दिवशी सुधाकररावांनी पहिला संशय खोक्यावर घेतला. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता आणि टेम्पोवाल्याने खोकं बाण खाली करून ठेवलं होतं. चुकून ठेवलं असेल, असं दुसरा कोणीही म्हणाला असता. पण पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून हयात घालवलेला माणूस चुकून घडलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. त्यांनी टेम्पोवाल्याला उन्हात उभं करून खोकं सगळ्या बाजूंनी पाहिलं, चिकटपट्टी उघडून पुन्हा लावलेली नाही ना, हे नखाने खरवडून पाहिलं, आणि मग पावतीवर 'खोके मिळाले, आतील मालाबद्दल खात्री नाही' असा शेरा मारून सही केली.

संशय हा आपला स्वभाव नसून शिस्त आहे, असं ते म्हणत. दूधवाला दुधात पाणी घालतो हे सगळं गाव धरूनच चालतं. सुधाकररावांना एखाद्या दिवशी त्याने पाणी घातलं नसल्याचा संशय यायचा, आणि आज याचा डाव काय आहे, याचा विचार करण्यात त्यांचा तो दिवस जायचा. त्यांच्या पत्नी शैलजाबाई अशा दिवशी जास्तीचा चहा करून घेत, दूध चांगलं आहे तोवर.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच एका गोष्टीवर संशय घेतला नव्हता. त्यांचे थोरले भाऊ दिनकरदादा एका दुपारी छातीत जळजळतंय म्हणून जिरा सोडा पिऊन आडवे झाले. गॅस आहे असं दादा म्हणाले, गॅस आहे असं जमलेले लोक म्हणाले आणि सुट्टीवर घरी आलेल्या सुधाकररावांनीही मान डोलावली. संध्याकाळी बुलढाण्याला न्यायला गाडी काढली, ती राजूरच्या घाटात असताना दादा गेले. जवळ एखादं मशीन असतं आणि त्याने वेळेवर सांगितलं असतं, तर दादा आज ओट्यावर बसून सुपारी कातरत असते, ही गोष्ट सुधाकररावांच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी घराची पुढची खोली दवाखान्याला दिली. दादांच्या नावाने ट्रस्ट काढला. अध्यक्ष शैलजाबाई, सचिव स्वतः, आणि अध्यक्षांनी सचिवांना विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा अलिखित नियम. मोताळ्याहून डॉक्टर आरोही आठवड्यातून काही दिवस येऊ लागल्या. ट्रस्टचा पितळी शिक्का करून आणला, लाखेवर उमटवायचा. दवाखान्याला लाखेच्या शिक्क्याचं काय काम, असं शैलजाबाईंनी विचारलं. काम कधी निघेल ते सांगता येत नाही, असं सचिवांनी सांगितलं.

आणि मग हे मशीन. लोखंडी ट्रॉलीवर त्याची स्थापना झाली. वर भिंतीवर दादांचा फोटो, फोटोला हार, मशीनला हळदकुंकू, समोर नारळ. एवढं सगळं झाल्यावर तिथे चपला घालून कोण जाणार? सुधाकररावांनी दारावर पाटीही लावली, 'चपला बाहेर काढाव्यात, हुकुमावरून'. या हुकुमातून दोनच माणसांना सूट होती. डॉक्टरबाई, कारण त्यांची दवाखान्यात वापरायची रबरी सँडल वेगळी होती. आणि सचिव, कारण त्यांची टाच दुखायची आणि घरात रबरी स्लिपर घालण्याचा त्यांना वैद्यकीय सल्ला होता. बाकी सगळं गाव त्या खोलीत अनवाणी.

पहिले काही दिवस मशीनने सुंदर काम केलं. कागदाच्या पट्टीवर हृदयाची रेघ बारीक, स्वच्छ, उमटायची. धडधाकट माणसंही हौसेने पट्टी काढून घेऊ लागली आणि सुधाकरराव दादांच्या फोटोकडे बघून उगाचच घसा खाकरू लागले. सगळं इतकं नीट चाललं होतं, की त्यांना संशय येऊ लागला.

तो आला शेजारच्या पंजाबरावांवर. पंजाबराव म्हणजे चांगले जमीनजुमला असलेले गृहस्थ, दादांचे लंगोटीयार. दोन्ही घरांच्या मधल्या बोळात एक कडुनिंब होता आणि त्याच्या बुडाशी विटांनी बांधलेला एक छोटा खड्डा. सुधाकररावांच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक हिरवी वायर निघून भिंतीवरून खाली त्या खड्ड्यात गेली होती. सुधाकरराव नोकरीत अकोला, खामगाव असे फिरत असताना दादांनी घराची फिटिंग करून घेतली होती, तेव्हाची ती असावी. ऑक्टोबरच्या उन्हात एका सकाळी सुधाकररावांनी खिडकीतून पाहिलं, तर पंजाबराव बादली घेऊन आले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या खड्ड्यात पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पाण्यासोबत मूठभर मीठ.

"वायरीले कोणी पाणी घालते काय?" सुधाकररावांनी शैलजाबाईंना विचारलं. गावात राहून राहून त्यांच्या शुद्ध सरकारी मराठीला वऱ्हाडीची फोडणी बसली होती.

"निंबाले घालत असतीन," शैलजाबाई म्हणाल्या.

"मीठ? निंबाले?"

सुधाकररावांकडे उत्तर तयार होतं. खांबावरची परतीची न्यूट्रल तार तुटली की गावातले लोक जमिनीत सळई ठोकून, अर्थिंग घेऊन घरातला पंखा फिरवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या गावात जमिनीतून पंखा फिरतो, त्या गावात जमिनीतून चोरी का होणार नाही? आपल्या घरातून एक वायर निघते, शेजाऱ्याच्या बाजूला जमिनीत शिरते, आणि शेजारी ती जागा रोज ओली ठेवतो. मीटरचा लाल दिवाही हल्ली जरा घाईने लुकलुकतो, असं त्यांना आधीच वाटत होतं. प्रकरण आरशासारखं स्वच्छ होतं.

भांडण करणं त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. त्यांनी दुपारी, पंजाबराव शेतात सोयाबीन काढायला गेलेले पाहून, मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढले आणि छज्ज्याखाली, पन्हाळीच्या नळाआड, ती हिरवी वायर पक्कडीने कापली. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण बंद केलेली गोष्ट सील करणं ही खात्यातली शिस्त. त्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवली, कापलेल्या टोकावर चिंधी गुंडाळली, त्यावर लाख ओतली आणि ट्रस्टचा पितळी शिक्का दाबला. शिक्का अक्षरन्‌अक्षर उमटला. खाली उतरताना त्यांना कित्येक महिन्यांनी नोकरीत असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या सकाळी पंजाबराव नेहमीसारखे आले, नजर अधू असल्याने वर न बघता खड्ड्यात बादली रिकामी केली आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "रामराम भाऊ. ऊन लय झालं यंदा."

किती निर्ढावलेला माणूस, असं सुधाकररावांच्या मनात आलं.

त्याच दिवशी गावातल्या वयस्क तानाबाई तपासून घ्यायला आल्या. खाटेवर चढताना त्यांनी ट्रॉलीला धरलं आणि हात झटकून मागे सरल्या.

"बाप्पा. हे मशीन मुंग्या सोडते आंगात."

डॉक्टर आरोहींनी मशीनला हात लावून पाहिला. काही नाही. सुधाकररावांनी लावला. काहीच नाही. तानाबाईंनी पुन्हा लावला आणि पुन्हा झटकला. "वय झालं तुमचं," सुधाकरराव म्हणाले. पण मग तानाबाईंच्या तरण्याताठ्या सुनेलाही मुंग्या आल्या. नंतर आलेल्या प्रत्येकाला आल्या. आणि पट्टीवरची ती सुंदर बारीक रेघ आता केसाळ अळीसारखी जाड, थरथरती येऊ लागली. त्यात हृदय कुठे आणि थरथर कुठे, हे डॉक्टरांनाही कळेना.

गावाकडे सल्ल्यांची कधीच टंचाई नव्हती. कोणी म्हणालं, पूजेत लिंबू राहिलं. कोणी म्हणालं, मशीनचं तोंड दक्षिणेला आहे. चावडीवर असंही निघालं, की दिनकरराव मशीनमध्ये येऊन बसले आहेत आणि ज्याच्या मनात खोट आहे त्याला मुंग्या आणतात. या शेवटच्या मुद्द्याने दवाखान्यातली गर्दी एकदम ओसरली. सुधाकररावांना मात्र हा मुद्दा मनातून पटला होता. आपल्याला काहीच होत नाही आणि अख्ख्या गावाला होतं, यातून दुसरं काय सिद्ध होत होतं?

"काका, अर्थिंग नाहीये याला," डॉक्टर आरोही म्हणाल्या. "रेघ जाड येते, पेशंटला झिणझिण्या येतात. मला तरी तेच वाटतंय. वायरमनला बोलवा."

सुधाकररावांनी त्यांना बोर्डापाशी नेलं. "हे पाहा. सॉकेटला तिसरं भोक आहे की नाही? मोठं? तेच अर्थिंग. ते जागेवर आहे." डॉक्टरबाईंचं शिक्षण खाजगी कॉलेजात झालं होतं, याची त्यांनी मनात नोंद घेतली.

कंपनीचा कुलदीप नावाचा तंत्रज्ञ अकोल्याहून आला. पायात घोट्यापर्यंत जाड तळाचे बूट. दारावरची पाटी त्याला दाखवली, तर कंपनीच्या नियमाप्रमाणे बूट काढता येत नाहीत म्हणाला. त्याने ट्रॉलीवर सगळीकडून हात फिरवला, मशीनला थोपटलं आणि सांगितलं की मशीन फर्स्ट क्लास आहे, पेशंट घाबरून थरथरतात म्हणून रेघ थरथरते. सुधाकररावांनी त्याला चहासोबत चिवडाही दिला. आपल्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस निघाला होता.

दोन-तीन दिवसांनी पंजाबराव आले. सोयाबीनची पोती उचलताना छातीत दाटल्यासारखं होतं म्हणाले. मशीनने त्यांचीही अळीच काढली. डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरून पाहिली, मान हलवली. "यातून काहीच वाचता येत नाही. तुम्ही बुलढाण्याला जाऊन काढून घ्या. आजच जा."

"सोयाबीन घरात आलं का जातो," पंजाबराव म्हणाले. "ग्यास हाये तो. शेंगदाणे जास्त झाले रात्री."

ते गेल्यावर डॉक्टरांनी मशीनचा प्लग काढून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की तपासणी होऊन सुरक्षिततेचं प्रमाणपत्र येईपर्यंत त्या या मशीनला हात लावणार नाहीत, आणि प्रमाणपत्र आलं नाही तर मशीन परत पाठवावं लागेल.

सुधाकररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. दादांच्या नावाचं मशीन परत? त्यांनी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. विषय, 'वैद्यकीय उपकरणात अज्ञात इसमांकडून घातपात'. जिल्ह्याच्या आरोग्याच्या कचेरीने कळवलं की उपकरण आमचं असतं, पण करंट आमच्याकडे येत नाही. विजेच्या कचेरीने कळवलं की करंट आमचा, पण मीटरपर्यंतच, त्यापुढे तो तुमचा. सुधाकररावांनी दोन्ही उत्तरं वाचून समाधानाने मान डोलावली. ही खरी कार्यालयीन भाषा होती, आपण असतो तर हेच लिहिलं असतं. शेवटी डॉक्टर आरोहींनीच फोन करून अशा यंत्रांची रीतसर तपासणी करणारे तायडे साहेब ठरवले.

डॉक्टर आरोही दवाखान्यात असतानाच तायडे साहेब आले, एक पेटी घेऊन. सुधाकररावांनी आधी त्यांचं ओळखपत्र मागितलं, मग पेटीचं. तपासणी कशाच्या आधारावर होते, असं विचारलं. तायडे म्हणाले, "आयईसी ६०६०१. वैद्यकीय उपकरणांसाठीचं स्टँडर्ड आहे."

"साठ हजार सहाशे एक?" सुधाकररावांनी चष्मा वर केला. "म्हणजे याच्या आधीची साठ हजार सहाशे कुठे आहेत?"

तायडे शांत गृहस्थ होते. दारात थांबून त्यांनी पाटी वाचली, आतला दादांचा फोटो, हार, नारळ पाहिला, आणि पेटी खाली ठेवून बूट काढले. मग मोजेही काढले. सुधाकरराव सावध झाले. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्यांनी बूट काढणारा अधिकारी पाहिला नव्हता. याला काहीतरी हवं असणार.

प्लग लावला. तायडेंनी उलट्या बोटांनी ट्रॉलीला हळूच स्पर्श केला आणि लगेच हात मागे घेतला.

"पत्र्यावर करंट येतोय."

"मले येत नाही," सुधाकरराव म्हणाले.

"स्लिपर काढा."

"माझी टाच दुखते. वैद्यकीय सल्ला आहे."

"अहो, काढा की," शैलजाबाई म्हणाल्या. अध्यक्षांनी सचिवांना न विचारता बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

सुधाकररावांनी स्लिपर काढल्या, थंडगार फरशीवर उभं राहून ट्रॉलीला बोट लावलं, आणि मुंग्यांची एक रांग त्यांच्या मनगटापर्यंत चढली. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की तायडेने आत्ताच काहीतरी केलं. दुसऱ्यांदा मनात तानाबाई आल्या आणि त्यांचं तोंड उतरलं.

तायडेंनी पेटीतलं यंत्र लावून आकडे पाहिले. "यंत्र चांगलं आहे. असा थोडा करंट प्रत्येक यंत्रातून झिरपतोच. तो जमिनीत जायला वाट हवी, ती वाट बंद आहे. म्हणून तो माणसातून जातो. रबर असलं की जात नाही, अनवाणी असलं की जातो. तुमच्या घराचं अर्थिंग कुठे आहे?"

सुधाकररावांनी तिसऱ्या भोकाकडे बोट दाखवलं.

"तिथून वायर बाहेर कुठे जाते?"

हा प्रश्न सुधाकररावांना कोणी विचारला नव्हता. सगळे बाहेर आले. पंजाबराव बोळात बादली घेऊन उभेच होते. तायडेंनी खड्डा पाहिला, त्यातून वर जाणारी हिरवी वायर पाहिली आणि पन्हाळीच्या आड मान वाकडी करून बघू लागले.

"ती ना?" सुधाकरराव छाती काढून पुढे झाले. "ती चोरीची वायर. तिचा बंदोबस्त मी केला आहे. सीलबंद."

तायडे स्टुलावर चढले. त्यांनी लाखेचा गोळा अंगठ्याने पुसला आणि शिक्का वाचला. बराच वेळ वाचला.

"सील व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "पण हेच तुमचं अर्थिंग होतं."

कडुनिंबावरचा कावळा उडून गेला. सुधाकररावांनी, बुडत्याने हात मारावा तसा, पंजाबरावांकडे हात केला. "मग हे? हे रोज मीठ-पाणी काऊन टाकून राह्यले होते तिथं?"

पंजाबरावांनी बादली खाली ठेवली. "दिनकरनं सांगतलं होतं ना मले. वायरमन म्हने खड्डा कोरडा पडला का अर्थिंग काम करत नाई, उन्हाळ्यात पानी टाकत जा, मधीमधी मीठ. दिनकर म्हने, मी नसलो घरी त तू टाकजो. आता तो नाई. म्हनून मी टाकतो." मग म्हणाले, "तुमाले सांगाले पाह्यजे होतं का भाऊ?"

सुधाकररावांना त्या क्षणी पायाखालच्या फरशीने गिळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण बोळात फरशी नव्हती, मातीच होती. आपण लाज वाटण्याच्या पलीकडे गेलो आहोत, असं त्यांना आजवर वाटायचं. तसं काही नव्हतं. दादांनी लावलेली वायर, दादांच्या मित्राने जपलेली, आणि ती कापली दादांच्या नावाच्या शिक्क्याने. त्यांना शैलजाबाईंकडे बघवेना. शैलजाबाईंनी मात्र पक्कड आणून त्यांच्या हातात दिली.

"सील तुमचं आहे, तुम्हीच फोडा," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोडलं. तायडेंनी वायर नीट जोडून दिली, पंजाबरावांनी बादली उचलून खड्ड्यात ओतली, आणि ओतून झाल्यावर भिंतीला टेकून छातीवरून हात फिरवला.

सुधाकररावांनी ते पाहिलं. "काय झालं?"

"काई नाई. ग्यास हाये."

गॅस. जिरा सोड्याची एक हिरवी बाटली सुधाकररावांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आयुष्यभराचा सगळा संशय त्यांच्या अंगात एकदम जागा झाला, आणि या वेळी तो खोक्यावर नव्हता, दूधवाल्यावर नव्हता.

"मले संशय आहे," ते म्हणाले.

"अजूनबी? आता काय केलं म्या?"

"तुमच्यावर नाही. गॅसवर. चला आत."

"अन्‌ सोयाबीन?"

"सोयाबीनवर मी बसतो. चला."

तायडेंनी पुन्हा आकडे घेऊन मान डोलावली, तसं पंजाबरावांना खाटेवर झोपवलं. ट्रॉलीला धरून चढताना त्यांनी हात झटकला नव्हता. पट्टी सरसर बाहेर येऊ लागली. रेघ बारीक होती, स्वच्छ होती, आणि एका जागी ती जशी असायला हवी तशी नव्हती. डॉक्टर आरोहींनी ती एकदाच पाहिली. तोंडात एक गोळी चघळायला दिली आणि म्हणाल्या, "गाडी काढा. आत्ता."

पंजाबरावांच्या पत्नी विमलबाई पुढे बसल्या आणि सुधाकरराव मागे, पंजाबरावांचं डोकं मांडीवर घेऊन, अनवाणीच. स्लिपर दवाखान्यात राहिल्या होत्या. राजूरचा घाट लागला तसे सुधाकरराव दर वळणाला पंजाबरावांच्या नाकाशी हात धरून श्वास बघू लागले.

"जित्ता हाये," पंजाबराव डोळे मिटूनच म्हणाले. "एवढा इस्वास ठेवा."

"नाही ठेवत," सुधाकरराव म्हणाले, आणि पुढच्या वळणाला पुन्हा हात धरला. घाट संपला. बुलढाण्याची घरं दिसली. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेताना पंजाबरावांनी त्यांचं मनगट धरलं. "भाऊ, त्या खड्ड्यात पानी टाकाले सांगजा कोनाले तरी. ऊन लय हाये."

वेळेवर आणलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सुधाकररावांनी ते दुसऱ्या एका डॉक्टरकडूनही खात्री करून घेतलं, आणि मग जिन्यात बसून रुमालाने तोंड झाकून रडले. कोणाला शंका येऊ नये म्हणून मध्येच एकदा शिंकले.

पंजाबराव घरी येईपर्यंत त्यांचं सोयाबीन सुधाकररावांनीच घरात घेतलं, प्रत्येक पोत्याला लाखेचं सील लावून. मजूर हसले, पण एकही पोतं इकडचं तिकडे झालं नाही.

आणि रोज सकाळी ते बोळात बादली घेऊन उभे राहू लागले. असेच एकदा ते खड्ड्यात मीठ टाकत होते, तेव्हा रस्त्याने तानाबाई चालल्या होत्या. त्या थांबल्या. वायरीकडे पाहिलं, मिठाकडे पाहिलं, सुधाकररावांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"काऊन हो, वायरीले मीठ-पानी काऊन देऊन राह्यले?"

सुधाकररावांनी सगळं समजावून सांगितलं. करंट, जमीन, वाट, साठ हजार सहाशे एक. तानाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हाव का," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. सुधाकररावांना ती नजर चांगलीच ओळखीची होती.